आंबट सत्त्व

लिंदाउरा एकोणीस वर्षं
तीन नंबरच्या टाकीवर आहे.
टाकीत मान्दिओकाचं सत्त्व,
साबुदाण्याचा तोच कंद, इथल्या लाल मातीतला,
खरवडून, धुऊन, दुधागत पांढरा झालेला.
पाइपातून हायपोक्लोराइट.
व्हॉल्व्हवर तिचा हात.

कागदाला नरम खळ लागते.
सत्त्वाच्या लांबलचक साखळ्या
जागोजाग तोडाव्या लागतात,
मग वहीच्या पानावर शाई फुटत नाही.
एवढ्यासाठी
तिच्या नखांना रविवारीसुद्धा क्लोरीनचा वास.
एवढ्यासाठी मागच्या ओहोळात लांबारी मासे नाहीत,
आणि नाहीत हे येऊन सांगणारी पोरंही
आता तिकडे फिरकत नाहीत.

मार्चमध्ये एक पेटी आली, फ्रिजएवढी,
आणि पेटीबरोबर एलिझा ओकुबो,
बुटांना अजून चिखल न लागलेली.
म्हणाली, हा ओझोन. हवेतूनच करायचा.
काम झालं की पुन्हा हवा होतो,
पाण्यात मागे काही ठेवत नाही.

लिंदाउरानं वास घेतला.
वीज पडून गेल्यावर येतो तसा.
तिला मिनासमधलं अंगण आठवलं,
तार्सिलियु मामाचे बांबूचे मांडव,
महिनाभर आंबवलेलं ओलं सत्त्व
जुलैच्या कोरड्या उन्हात पसरलेलं,
आणि ढग आला की मामाच्या शिव्या.
भट्टीत वाळवलं तर पाव बसतो, म्हणायचा,
उन्हातलंच फुगतं.
का, ते त्याला कुणी विचारलं नाही.

एलिझानं सांगितलं :
आंबट आणि ऊन मिळून साखळ्या तोडतात.
आपण इथं करतोय तेच.
‘म्हणजे मामा केमिस्ट होता?’
‘होता. बिनपगारी.’

पहिल्या सात घाण्या फुकट गेल्या.
कागद गिरणीनं ट्रक परत पाठवला,
खळ घट्ट, यंत्राच्या रुळाला चिकटली.
मॅनेजर विजेचं बिल हातात घेऊन उभा,
ऊन फुकट आहे बाई, पण टँकरनं येत नाही.
आठवी बरी निघाली. नववी पुन्हा बिघडली.
चारपैकी तीन टाक्यांत
अजून जुनाच पाइप आहे.

शनिवारी तिनं मूठभर पीठ डब्यातून घरी नेलं.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे तिला.
चीज, अंडं, थोडं दूध,
सुपारीएवढे गोळे.
ओव्हनच्या काचेला नाक लावून बसली.

फुगले.
टम्म, आतून पोकळ, मामाच्या अंगणातल्यासारखे.
पण एक मोडून तोंडात टाकला तर
आंबट कुठंच नाही.
जिभेवर नुसती गरम हवा.

तरी तिनं चार खाल्ले, कॉफीबरोबर.
सोमवारी एलिझाला सांगायचं :
फुगतं. चव नाही.
आणि मग, थोडं थांबून :
कागदाला काय करायचीय चव?
ओहोळाला तर
बेचवच पाणी हवंय.