कसर

तपासनीस साहेबांच्या फॉर्मवर रकाना आहे:
प्रयोगशाळा आहे का? असल्यास साहित्य लिहा.
मी लिहिलं, आहे. ब्लँकेटं, चार.
बाकीचं रकान्यात मावलं नाही, ते इथे.

आमची शाळा मोखोत्लोंगच्याही वर,
जिथे रस्ता खेचरांना विचारून वळतो.
वर्गाला खिडक्या चार: उत्तरेला तीन, दक्षिणेला एक.
मुलांना म्हटलं, उद्या येताना अंधार घेऊन या.
थंडीचे दिवस. घरातलं ब्लँकेट कोण सोडतं?
तरी तीन आली, कणसांच्या नक्षीची, शेणाच्या धुराचा वास येणारी.
चौथं पुसेलेत्सोचं. कसर लागलेलं.
मी म्हटलं, राहू दे बाळ, घडी घाल,
आणि त्या खिडकीला फळा टेकवला.

दक्षिणेच्या ब्लँकेटला वाटाण्याएवढं भोक.
समोरचा अख्खा डोंगर आत आला,
डोक्यावर उभा.
छताशी गवत, जमिनीशी आभाळ,
आणि म्हातारे मोहापी घोड्यावरून चाललेले,
टोपी खाली लोंबत, पडत मात्र नव्हती.
त्सेलिसो हसत भिंतीला टेकला
तर त्याच्या पाठीवरून घोडा गेला.

उलटं का? कुणीतरी विचारलंच.
आकृती काढायची तर फळा हवा,
फळा तर खिडकीला.
मी पुसेलेत्सोकडे पाहिलं.
ती आधीच उठली होती.

डोंगर फिकट झाला.
कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे खाली बघत होते:
मातीच्या जमिनीवर उजेडाच्या चकत्या,
भाकरीच्या पिठाचे गोळे थापावेत तशा.
भोकं फाटकी, लांबट, तिरकी,
चकत्या गोल. एकूण एक गोल.
भोकाचा आकार नाही हा, मी म्हटलं,
आणि पुढचं सांगणार, तेवढ्यात
पश्चिमेकडून ढग आला असावा.
सगळ्या चकत्यांना एकदम कड कुरतडली गेली.
"म्मे, सूर्यालाही कसर लागली!"
"पण उलट्या बाजूने," त्सेलिसो म्हणाला,
आणि गप्प झाला,
मग हळूच स्वतःच्याच आकृतीकडे वळला,
जी मी अजून काढलेली नव्हती.

पुसेलेत्सो मोजत होती. त्रेचाळीस.
आमच्या भाषेत सूर्याला आणि दिवसाला शब्द एकच.
ते ब्लँकेट तिच्या वडिलांचं,
खाणीवर जाताना पेटीत ठेवून गेलेले.
त्रेचाळीस, ती पुन्हा म्हणाली.
मी दुरुस्त केलं नाही.
माझ्या मोजणीत एक्केचाळीस होते.

साहेब, साहित्याच्या रकान्यात खोडाखोड झाली आहे.
"चार" खोडून मी "तीन" लिहिलं होतं,
मग ते खोडून पुन्हा चार.
शाईचा डाग माझा आहे, मुलांचा नाही.