निशाणी सतरा

टायपिस्टनं विचारलं, कूलर एकच का?
मी म्हटलं, एकच.
मग त्यानं ठोकलं: कूलर, लोखंडी, नग एक, स्टँडसह.

स्टँड मागाहून केला होता.
कॉटन मार्केटच्या मागे, वेल्डिंगवाल्याकडे उभं राहून
हेमराजनं वितीनं माप दिलं,
आणि चार बोटं बुटका झालाच तो,
म्हणून पायांखाली चार विटा.
विटा यादीत नाहीत.

तारीख अकराची, पुकारा दीडला.
सिव्हिल लाइन्सच्या सावलीत डबे उघडलेले,
एकाच बाकावर अर्जदार आणि गैरअर्जदार,
मध्ये एका पिशवीपुरती जागा.
त्यानं पोह्याचा द्रोण माझ्याकडे सरकवला, तर्री कमी घातलेला,
मग आठवलं त्याला,
आणि द्रोण पुन्हा स्वतःकडे ओढला.

गजभिये मॅडम म्हणाल्या, भांडीकुंडी सोड गं,
प्लॉटवर लक्ष ठेव.
प्लॉट बेस्याला. पंधराशे फूट. आर.एल. अजून यायचंय.
पहिली रक्कम त्याची,
हप्ते माझ्या पतसंस्थेच्या पगारातून, चौऱ्याहत्तर,
पावत्या रबर लावून बिस्किटाच्या डब्यात.
त्या मी एकेक मोजून दिल्या. निशाणी अकरा.

पण रविवारी तिथं जाऊन आम्ही काय करायचो
त्याची पावती कुणी फाडली नाही.
खुंट्या ठोकून सुतळी ओढायची,
हा ओटा, ही न्हाणी,
इथं त्याच्या आईचा पलंग, जरा उजेडात.
मग सुतळीच्या आत उभं राहून
नसलेलं दार उघडायचं
आणि बाहेर येऊन परत लावायचं.
एकदा मी सुतळीवरून सरळ पाय टाकला
तर म्हणाला, भिंतीतून काऊन येऊन राहिली?

समुपदेशक बाईंनी कागदावर रेघ मारली,
साडेसातशे, साडेसातशे.
दोन्ही वकील एकदम हसले.
तेवढ्याच वेळी ते एकमतात होते.
विका, म्हणाले, आणि पैसे अर्धे करा.

सोन्यावर वाद झाला नाही.
आईचा गोफ, दोन तोळे,
नणंदेच्या लग्नात इतवारीला गहाण पडलेला, दोन वर्षांनी सुटलेला.
मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, तिचा आहे.
शिलाई मशीन तिची. गादी राहू द्या.
मोठा गंज आईला लागतो, तो मी नेतो.

कूलरशी येऊन मात्र अडला.
तिलाच द्या, म्हणाला,
पण पंप हवा धरतो तो, तिला उतरत नाही.
दर मार्चात वाळा मी बदलून देत जाईन,
तेवढं लिहून घ्या ना जी.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.
असं हुकमात येत नाही, म्हणाल्या.
टायपिस्टची बोटं हवेतच.
आणि मला इतका राग आला,
तोंडाला कोरड पडली.
सोळा वर्षांत
या माणसानं आपणहून काहीतरी लेखी द्यायचं म्हटलं
ते आज, इथं,
आणि तेही गवताबद्दल.

नको, मी म्हटलं. नग एक, एवढंच राहू द्या.
पुरसिसवर सही केली, दोन्ही पानांवर,
जिथं पेन्सिलनं फुली होती तिथं.

सामान फेब्रुवारीत आलं, टेम्पोनं, मनीषनगरच्या खोलीवर.
खिडकी इथली खाली आहे.
स्टँड नुसता टेकवला आणि बरोब्बर बसला.
मार्चात दोन ताट्या आणल्या वाळ्याच्या,
पंपाची हवा काढायला तीन दुपारी गेल्या,
तिसऱ्या दुपारी पाणी चढलं.
भिजल्या वाळ्याचा पहिला वास आला,
आणि मी उठून पंखा लावला.

गादीच्या गुंडाळीखाली, वर्तमानपत्रात बांधून,
चार विटा आल्या होत्या.
चारही. सुतळीनं गाठ मारलेल्या.
दारामागं ठेवल्यात.
एकदा ओढून बाहेर काढल्या टाकायला,
तर खालचा भय्या म्हणाला, ताई, मला द्या, कामाला येतात.
देते म्हटलं, देते.
अजून दिल्या नाहीत.