मोठ्यानं

फादर कुजूरांना डाव्या कानानं ऐकू येत नाही
हे सदरमध्ये सगळ्यांना ठाऊक,
म्हणून कन्फेशनची रांग नेहमी उजव्या जाळीला.
मे महिन्यात ती बाजू कूलरच्या तोंडाशी येते,
मग दोन्ही कान सारखेच.

अकरा वर्षं मी आजूबाजूचंच सांगत आले:
राग आला, फादर. खोटं बोलले, फादर.
दोनदा मिस्साला गेले नाही.
चिल्लर मोजून द्यावी तसं.
मोठी नोट पर्सच्या आतल्या कप्प्यात.

धंतोलीत घाटोळे मॅडम दर मंगळवारी
समोर एक रिकामी खुर्ची ठेवतात.
म्हणतात, इथे बेनी बसलाय समजा. बोला.
मी खुर्चीशी हवापाण्याचं बोलते.
तिचा एक पाय आखूड,
पंख्यानं जराशी हलते
आणि माझ्या घशाला कोरड पडते.
तास संपतो. आठशे रुपये. पावती.

जरीपटक्याच्या प्रार्थनासभेत एका ब्रदरनं
डोक्यावर हात ठेवला: जा ताई, बरी झालीस.
हात गरम होता. बरं वाटलं.
बसस्टॉपपर्यंत टिकलं.

आज जाळीशी गुडघे टेकले
आणि का कोण जाणे, थेट तेच निघालं तोंडातून.
काय?
पुन्हा सांगितलं.
कूलरची घरघर, खसाचा ओला वास.
मोठ्यानं बोल बाई, ऐकू येऊन नाही राहिलं.

मग बोलले.
आईच्या मातीनंतर नवव्या दिवशी
धाकट्या भावाला ऑटोत बसवलं,
बाजारात चाललो म्हटलं,
कोराडी रोडच्या दवाखान्यात सही केली.
तो विचारत होता, येताना समोसे घेऊ ना, ताई?
हाव म्हटलं.
नात्याच्या रकान्यात लिहिलं

आणि नेमकी तेव्हाच लाईन गेली.
कूलर थांबला,
आणि ‘शेजारीण’ हा शब्द एकटाच
सगळ्या देवळात फिरून परत आला.

जाळीपलीकडे बराच वेळ काही नाही.
मग फादर बोलले, इतकं हळू
की आता मलाच ऐकू येईना.
क्षमेचे शब्द असावेत, लय ओळखीची होती.
प्रायश्चित्त काय दिलं ते कळलं नाही.
पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

बाहेर रांगेत कुणी मान वर केली नाही.
फिलोमिना सिस्टरनं फक्त बाकावरची छत्री उचलून
जागा केली.
मी बसले नाही.

फाटकाशी ऑटोवाला म्हणाला, कुठं?
त्या बाजूला जायचं तर मी मानकापूर सांगते,
मग भिंतीच्या कडेनं चालत जाते,
गेटपर्यंत, आणि तशीच परत.
पागलखाना चौक, म्हटलं.
काय, मॅडम?
मोठ्यानं सांगितलं.
आणि वाटेत एक मिनिट थांबा,
समोसे घ्यायचे आहेत.

दुकानदार विचारतो, किती?
तो आता किती खातो,
मला ठाऊक नाही.