डाव्या टाचेखाली

मे महिन्यात भुसावळला हीट गन लागत नाही.
डांबराची शीट ओट्यावर टाकली की
अर्ध्या तासात खापरावरच्या मांड्यासारखी
हातावरून ओघळू लागते.
मुस्तकीम म्हणाला, चहा घेऊन टाक,
नंतर कपाला हात लावता येणार नाही.

चौसष्टची फियाट. सीटा लिंबाखाली,
त्यांवर शेजारची मांजर.
मॅटिंग उचकटलं तर खाली सरकी,
कुठल्या हंगामातली कोण जाणे,
आणि एक चार आण्याचं नाणं, गंजात रुतलेलं.
ते निघालं नाही. त्याच्यावरूनच शीट लावली.

मुस्तकीम आधी पेरानं पत्रा ठोकायचा. टण्ण.
मग शीट, मग त्यावर आईचं जुनं लाटणं,
परत पेर. ढप्.
तापीच्या वाळूतलं कलिंगड बघावं
तसा कान वाकडा करून हसायचा : पिकलं.
दारं पिकली, डिकी पिकली, टप पिकला.
मला एवढंच हवं होतं
की साकेगावच्या पुलावर बाळ उठू नये.

आप्पांना विचारलं नव्हतं.
विचारायचं काय, ऐकूच येत नाही.
एकतीस वर्षं लोकोशेड,
कान वाफेच्या इंजिनांतच गेलेले,
डिझेल आलं तेव्हा उरलं नव्हतं काही.

संध्याकाळी ते चालवायला बसले.
नेहमीसारख्या चपला काढून सीटखाली सारल्या.
आम्हाला लहानपणापासून वाटायचं,
गाडीला लक्ष्मी मानतात.

नाहाटा चौफुलीपर्यंत पहिलाच गिअर.
इंजिन किंचाळतंय, पानटपरीवरचे लोक बघतायत,
आणि आप्पांचा हात हँडलवर तसाच,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.
मग कडेला घेतली.
डॅशबोर्डवर तळवा ठेवला, दारावर ठेवला,
म्हशीचा ताप बघावा तसा.
‘गाडी मरी गयी का रे?’
मी मान हलवली. नाही म्हणून.
ते खाली बघत राहिले, बोटं हलवून बघितली.
‘पाय बहिरा व्हई गयात मना.’

रात्री टॉर्च दातात धरून मी खाली वाकलो.
त्यांची चप्पल ठेवून खडूनं रेघ मारली.
शीट आता पत्र्यालाच जन्मलेली,
मुस्तकीमचा सुरा दोनदा तापवावा लागला.
एका पावलाएवढा तुकडा निघाला,
टाचेकडे थोडा फाटला.
खाली पत्रा. पेरानं ठोकला. टण्ण.
घरात कुणीतरी कूस बदलली.

सकाळी जळगावकडे निघालो.
गाव संपायच्या आत
हँडलवरचा हात आपसूक हलला,
दुसरा, मग तिसरा,
वाघूरवरून गेलो. बाळ मागे झोपलेलं.
आप्पा काही बोलले नाहीत.

मी हळूच चपला काढून पाय टेकवले.
माझ्या बाजूला काहीच नव्हतं.