डावा पाय

दुलेरामचा डावा पाय दोन महिन्यांपासून बेकार आहे.
एकतीस वर्षं त्यानं क्लच दाबला,
मालकानं घेतलेल्या या गाडीत क्लचच नाही.
रबरी मॅटवर पाय नुसता बसून असतो,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.
चढ आला की आपणहून उठतो,
हवा दाबतो,
लाजून परत खाली बसतो.

मी लोहामंडीत गिअरबॉक्स उघडतो.
गाडी माझ्याकडे आली ती तक्रार घेऊन:
भेरूघाटात दम सोडते, भिया. गिअर पकडतच नाही.
डिपस्टिक काढली,
शेवेच्या पुडीचा कागद फाडून
कोऱ्या कोपऱ्यावर एक थेंब टेकवला.
डाळिंबाच्या दाण्यासारखं हवं होतं तेल,
निघाला काढा.
वास करपलेल्या गुळाचा, गोडवा वजा.

मग वाकून पुढची जाळी पाहिली
आणि हसूच आलं.
तेलाचा कूलर तो केवढा, शाळेच्या पाटीएवढा,
त्याला पत्र्याच्या बारीक पापण्या,
आणि प्रत्येक पापणीत सेंधव्याचा कापूस,
त्यावर डिझेलचा चिकटा, त्यावर धूळ,
एक अख्खं फुलपाखरू.
म्हटलं, दुलेराम,
गोधडी पांघरून हिला डोंगर चढायला लावतोस,
वर पाठीवर सोळा टन.

आतून बाहेर पाणी मारलं, बेतानं.
जोरात मारलं तर पापण्या मुडपतात.
मुडपलेल्या सरळ केल्या
बायकोच्या केसांच्या आकड्यानं.
(ती अजून शोधते आहे.)
तेल बदललं, फिल्टर बदलला,
डॅशबोर्डवर तापमानाचा काटा बसवला.
बिल बघून तो म्हणाला, एवढ्यात म्हैस आली असती.
म्हटलं, म्हशीला निदान डबक्यात बसायचं कळतं.

रिकामी गाडी खोटं बोलते,
म्हणून धामनोदहून भरून निघालो, रात्री.
घाटात पुढे कुणाचातरी ट्रेलर आडवा.
दुलेरामनं ब्रेक न लावता
नुसत्या एक्सलेटरवर गाडी चढावर तोलून धरली,
उस्तादानं शिकवलेली जुनी कला,
आणि खरंच, सुपारी ठेवली असती तरी हलली नसती.
काटा मात्र हलला.
पंच्याण्णव. एकशे चार. एकशे अठरा.
असं नको, म्हटलं,
आत तेल घुसळलं जातंय,
लोणी निघत नाही, नुसता ताप निघतो.
ब्रेक दाब. जागा दिसली की कडेला घे. न्यूट्रल.

घेतली. त्याचा हात चावीकडे गेला.
चावी नको.
बंद केल्याशिवाय थंड कशी होणार?
बंद केलीस तर तापलेलं तेल
तापल्या जागीच बसून राहील.
त्याला फिरू दे, कूलरपर्यंत जाऊन येऊ दे.
इंजिन चालू ठेवायचं. जायचं नाही.

तो समोरच्या काचेकडे बघत राहिला,
मी ते तिथं लिहून ठेवल्यासारखा.
मागचे ट्रक हॉर्न मारत, आईबहीण काढत पुढे गेले.
पंखा घोंगावत होता.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
आमच्या घरात असं कुणी सांगायला पाहिजे होतं.
पुढे बोलला नाही.
मी काट्याकडे बघत होतो,
तेच बरं होतं.

एकशे दहा. शंभर. मग बराच वेळ शंभरच.
अठ्ठ्याऐंशीला म्हटलं, चल,
पण डीमध्ये नको, दोनमध्ये टाक,
वर पोचेपर्यंत हिला मन बदलू देऊ नकोस.
गाडी हलली.
डावा पाय उठला, हवा दाबली, खाली बसला.
मी खिडकीबाहेर बघितलं.

पुढे एक गाठींचा ट्रक, ताडपत्री सुटलेली.
आमच्या उजेडात कापूस उडत येत होता,
एकेक पुंजका जाळीला चिकटत होता.
महिन्याभरानं परत ये, मी म्हटलं.
येतो, तो म्हणाला.
आकडा घरून आणतो.