प्रयोग

मंगळवारी सहा वाजता
रॉचडेलच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
जिथला रेडिएटर तापत नाही, नुसता खोकतो,
मी इंग्रजी शिकवते.
माझ्या इंग्रजीला अजून बार्शीचा वास आहे.
कुणाच्या लक्षात येत नाही,
इथे प्रत्येकाच्या इंग्रजीला कुठला ना कुठला वास आहेच.

पहिल्या वर्षी नियम आधी दिले.
फळ्यावर चौकट आखली: कर्म उचला, पुढे आणा,
क्रियापदाला टेकू द्या,
कर्त्याला 'बाय' लावून शेवटी बसवा.
मला असंच शिकवलं होतं कुलथे सरांनी,
कर्तरी, कर्मणी, भावे,
तीन बोटं, आणि चुकलं की तिन्हींवर पट्टी.
दिलशादने चौकट दोन रंगांत उतरवून घेतली
आणि बसमध्ये चढून म्हणाला,
'अ टिकेट इज वॉन्टेड बाय मी.'
ड्रायव्हर हसला. तिकीट मिळालं.

मग मिसेस ऑर्मरॉड तपासणीला आल्या,
मागच्या बाकावर, मांडीवर फाइल.
'नियम सांगू नका हो. त्यांचे त्यांना सापडू द्या.'
मी रात्री बसून चिठ्ठ्या कापल्या:
द विंडो वॉज ब्रोकन.
द बाइक वॉज स्टोलन.
द वॉल वॉज पेंटेड ऑन.
विचारलं, काय सापडतंय यात?
ग्राझिना म्हणाली, 'वाईट वस्ती.'

त्यानंतर चुका न दाखवण्याचं वर्ष.
चूक आली की बरोबर करून हळूच परत टाकायची,
पोराने वेडावाकडा फेकलेला चेंडू झेलून टाकावा तशी.
'माय सन गो डॉक्टर.'
'ओह, युअर सन वेंट टू द डॉक्टर?'
'येस, येस. गो.'

गेल्या मंगळवारी अबरेहेत आली,
कोट न काढता बसली.
'आज हे शिकवा,' म्हणाली, आणि
घडी उलगडून पत्र टेबलावर सपाट केलं.
युअर ॲप्लिकेशन हॅज बीन रिफ्यूज्ड.

चौकटीशिवाय, चिठ्ठ्यांशिवाय
अख्ख्या वर्गाने ओळखलं.
इद्रिसने तर काळसुद्धा सांगितला.
मिसेस ऑर्मरॉड असत्या तर खूश झाल्या असत्या.

अबरेहेतचं बोट ओळीच्या शेवटी गेलं, थांबलं.
'बाय कुठे आहे?'
तिने पान उलटून पाहिलं. मागे कोरं.
मी पुस्तकातलं सांगितलं:
कर्ता माहीत नसेल, किंवा महत्त्वाचा नसेल,
तर गाळतात.
'महत्त्वाचा नाही?' तिने विचारलं.

आणि मला भावे प्रयोग आठवला,
शिपायाने चोराला पकडले.
क्रियापद ना शिपायाचं ना चोराचं,
'ते कुणाचंच ऐकत नाही,' कुलथे सर म्हणायचे,
आम्ही पाठ करायचो.

पत्रात खाली आणखी एक ओळ होती.
नो लेटर फ्रॉम द टीचर वॉज रिसीव्ह्ड.

ते पत्र मी लिहायचं होतं.
ही बाई न चुकता वर्गाला येते, एवढंच.
फेब्रुवारीत 'उद्या देते' म्हटलं होतं.

ओठावर मराठी वाक्य तयारच होतं:
माझ्याकडून राहून गेलं.
किती मऊ भाषा आहे माझी.
कप फुटतो, दूध उतू जातं,
पत्र राहून जातं,
घरात जणू कुणी राहतच नाही.

मी फळा पुसला.
आय डिड नॉट राइट द लेटर.
सगळ्यांनी मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं,
'आय'सकट.
दिलशादने तर खाली रेघही मारली.

अबरेहेतने लिहिलं नाही.
तिने पेनाचं टोपण काढलं,
पेन माझ्यापुढे ठेवलं.
'यू राइट,' म्हणाली.
काळ नव्हता त्या वाक्यात.
मी दुरुस्त केलं नाही.