एका पानात

फिनलंडच्या कंपनीला माहिती हवी, एकाच पानात.
पाटोच्या ऑफिसात केंकरेसाहेब सांगतात, मी भरते.
चलन रुपया. व्होल्टेज दोनशे तीस.
दरडोई उत्पन्न : आकडा चांगलाच गुबगुबीत.
टाइप करते, आणि माझा पगार
टेबलाखाली मांजरासारखा पायाला घासतो.

भाषा : चौकट एवढीशी.
कोंकणी बसते, मराठीला रेटून बसवते,
पपांच्या पोर्तुगीज शिव्या बाहेरच राहतात.

प्रमुख निर्यात?
खनिज, मासळी, औषधं.
आणि आमचा इनास, हे मी म्हणत नाही.
लिस्बनहून तो दर आयतवारी
पावाचा भाव विचारतो, मग गप्प होतो.

कामकाजाची वेळ : नऊ ते सहा.
साहेब घड्याळ बघतात. एक वाजलाय.
"मधले तीन तास लिहू नकोस गो,"
म्हणत शटर ओढतात.
जिन्यात मागून फोन वाजताना ऐकू येतो.
कुणीच वळत नाही.